मोसंबीचा फेरफार

सन २०१६ मध्ये जालना जिल्ह्यातील मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले आणि चेन्नई येथील नोंदणी-दफ्तरात या फळाचा मुलूख रीतसर रुजू झाला, ही वार्ता ऐकून अंबड, घनसावंगी आणि बदनापूर या तालुक्यांतील बागायतदारांना जो आनंद झाला तो सर्वथैव रास्त होता. कारण बांधावरची बाभूळ कोणाची हा तंटा जेथे दोन-दोन पिढ्या तहसिलीत भिजत पडतो, त्या मुलखाने एका अख्ख्या फळावर हक्क सांगावा आणि तो मंजूरही व्हावा, हा योग अपूर्वच म्हटला पाहिजे. या मानांकनाचा कायदा १९९९ चा आहे आणि त्याचे तात्पर्य असे की, अमुक वस्तूचे गुण ज्या भूमीमुळे आले त्या भूमीच्या लोकांनाच त्या वस्तूला ते नाव लावण्याचा अधिकार राहील. आता गंमत अशी की, ज्या फळाविषयी हा अधिकार जालन्याला मिळाला त्याच्या नावातच दुसऱ्या एका भूमीचे नाव धडधडीत उभे आहे आणि ती भूमी गोदावरीच्या अलीकडेही नाही, पलीकडेही नाही, तर समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. इंग्रजी नोंदीत फळाचे नाव ‘जालना स्वीट ऑरेंज’ असे घातल्यामुळे ही बाब झाकली गेली खरी. परंतु मोसंबी हा शब्द टाळून ऑरेंज हा शब्द घेणे म्हणजे एका वारसाची हरकत चुकविण्यासाठी सगळ्या भाऊबंदांना समन्स पाठविण्यासारखेच झाले, हे पुढील कैफियतीवरून ध्यानात येईल.

मोसंबी म्हणजे मोझांबिकची. पोर्तुगीज लोक त्या देशाचे नाव ज्या पद्धतीने उच्चारतात ते ऐकले म्हणजे त्यापासून ‘मोसंबी’ व्हायला फारसा प्रवास करावा लागला नसावा, हे कानाला तत्काळ पटते. वास्को द गामा १४९८ च्या मार्च महिन्यात ज्या लहानशा बेटाला लागला त्या बेटाचे ते नाव. आणि बेटाला ते नाव पडले, असे सांगतात, तेथील मूसा बिन बीक नावाच्या एका शेखावरून. या शेखाच्या राज्यात वास्कोचे स्वागत प्रथम बरे झाले, कारण आलेले पाहुणे मुसलमान असावेत असा यजमानांचा समज होता. तो समज दूर होताच पिण्याच्या पाण्यावरून वाद झाला आणि पाहुण्यांनी जाता जाता तोफा डागल्या. अशा रीतीने शेखाचे नाव बेटाला गेले, बेटाचे देशाला गेले, देशाचे फळाला गेले, आणि फळ आमच्या आजाऱ्यांना गेले. दवाखान्यात पडलेल्या नातलगाच्या उशाशी जी जाळीची पिशवी आपण गंभीर मुद्रेने ठेवून येतो, तीत सहा मोसंब्या नसून एका आफ्रिकी अरबाचे नाव सहा वेळा बांधलेले असते, ही जाणीव ना रुग्णाला असते ना भेटीस जाणाऱ्याला. आणि ती नसते म्हणूनच रुग्ण बरे होतात.

येथे कोणी असा निष्कर्ष काढील की, फळ मूळचे मोझांबिकचे असले पाहिजे. तसे अजिबात नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ या गोड लिंबूवर्गीय फळाचे जन्मगाव दक्षिण चीनच्या बाजूला दाखवितात. त्याच्या लॅटिन नावातील ‘सायनेन्सिस’ हे विशेषणही ‘चिनी’ याच अर्थाचे आहे. आणि त्याची आईबापे पपनस आणि मँडरिन जातीचे संत्रे ही असल्याचे आता उघडकीस आले आहे. मग मोझांबिकने केले काय? काहीही केले नाही. हिंदुस्थानाकडे येणारी पोर्तुगीज गलबते तेथे थांबत आणि पाणी भरून पुढे निघत, एवढाच काय तो त्या देशाचा अपराध. आम्ही मात्र फळ कोठले याची चौकशी न करता फळ घेऊन येणारा शेवटचा कोठे थांबला होता एवढेच विचारले, आणि त्याने दिलेले उत्तर कायमचे दप्तरी दाखल केले. रेल्वेने मनमाडवरून आलेल्या पाहुण्याला आडनाव काय म्हणून न विचारता ‘मनमाडकर’ म्हणू लागावे, तशातला हा प्रकार.

हा दोष केवळ आमचा असता तर त्याची वाच्यता करण्याचे धाडस आम्ही केले नसते. परंतु ज्या पोर्तुगीजांनी आम्हांला मोझांबिकचे नाव दिले, त्यांच्या स्वतःच्या देशाची तर याहून अधिक विटंबना झालेली आहे. सोळाव्या शतकात गोड नारिंगे भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने पसरली ती बव्हंशी पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या हातून, आणि परिणाम असा झाला की, ग्रीक माणूस आज त्या फळाला ‘पोर्तोकाली’ म्हणतो, तुर्क ‘पोर्ताकाल’ म्हणतो, रुमानियन ‘पोर्तोकाला’ म्हणतो, बल्गेरियन ‘पोर्तोकाल’ म्हणतो, आणि ज्या अरबाच्या भाषेत प हे अक्षरच नाही तो बिचारा ‘बुर्तुकाल’ म्हणून वेळ मारून नेतो. इटलीतल्या नेपल्स गावाच्या बोलीतही ‘पुर्तुआल्लो’ आहेच. म्हणजे कैरोच्या बाजारात कोणी एक किलो पोर्तुगाल मागितला तर दुकानदार पोलिसांत वर्दी देत नाही, तराजू उचलतो. एखाद्या राष्ट्राने पाच खंडांत साम्राज्य स्थापावे, सागर पादाक्रांत करावेत, आणि अखेरीस पूर्व भूमध्यातील मुलाबाळांनी त्याला सोलून खावे, ही इतिहासाची थट्टा आम्हांला तरी मोसंबीपेक्षा मधुर वाटते.

उत्तरेकडच्या लोकांनी वेगळा मार्ग धरला. त्यांना पोर्तुगाल ठाऊक होता, पण त्यांची नजर पार चीनपर्यंत पोचली. आणि फळ म्हटले की त्यांना सफरचंदावाचून दुसरे काही सुचत नसल्यामुळे त्यांनी नारिंगाला ‘चिनी सफरचंद’ करून टाकले. डच भाषेतील ‘सिनासअपेल’, जर्मनमधील ‘अप्फेलझीने’, डेन्मार्क आणि स्वीडनमधील ‘अपेलसिन’, त्यांच्या शेजारच्या रशियनाचेही ‘अपेलसिन’, ही सारी एकाच माळेचे मणी. युरोपियन माणसाचे हे सफरचंदवेड एक स्वतंत्र प्रबंधाचा विषय होऊ शकेल. बटाटा पाहिला तर डच आणि फ्रेंच दोघेही त्याला ‘जमिनीतले सफरचंद’ म्हणाले; टोमॅटो पाहिला तर इटालियन त्याला ‘सोन्याचे सफरचंद’ म्हणाला; आणि पोलिश व चेक लोकांनी तर सफरचंद व नारिंग या दोन्ही शब्दांची गाठ मारलेला ‘पोमरांच’ या थाटाचा एकच जोडशब्द पत्करला. अर्थात आम्ही त्यांना हसावे अशी आमची स्थिती नाही. अमेरिकेतून समुद्रमार्गे आलेल्या एका खडबडीत फळाला आम्ही निःशंकपणे ‘सीताफळ’ म्हटले, त्याच्या भावाला ‘रामफळ’ म्हटले, पुढे लक्ष्मण आणि हनुमान यांचीही सोय लावली. म्हणजे त्यांची फळे सफरचंदाच्या पेटीत जातात तशी आमची रामायणात जातात. मोसंबीचे आगमन जर थोड्या निराळ्या मुहूर्तावर झाले असते तर ती आज भरतफळ म्हणून हातगाडीवर विकली गेली असती, आणि शत्रुघ्नाने तेवढ्यावरूनही तक्रार केली असती.

आता त्या ऑरेंजकडे वळू. मोसंबी हे नाव परकीय म्हणून ज्यांनी अर्जात ऑरेंज शब्द घातला, त्यांनी जाणता-अजाणता एका घरच्याच माणसाला विलायती टोपी घालून परत बोलाविले होते. ऑरेंज म्हणजे आपले नारंग. संस्कृतात तो शब्द बहुधा द्राविडी भाषांकडून आलेला. मल्याळीत ‘नारंगा’ आजही ठणठणीत आहे, मात्र केरळात नारंगा मागितले तर हाती लिंबू येते. संस्कृतातून हा शब्द फारसीत ‘नारंग’ म्हणून गेला, अरबीत ‘नारंज’ झाला, आणि अरबांच्या बरोबर, गोड नव्हे तर कडू फळावर बसून, सिसिली आणि स्पेन येथवर पोचला. तेथून पुढे मात्र त्याच्या आद्याक्षराचे जे काही झाले त्यास अपहार या शब्दाखेरीज दुसरा शब्द आम्हांला सापडत नाही.

स्पॅनिश माणूस प्रामाणिक. त्याने ‘नारान्हा’ म्हणून आमचा न जसाच्या तसा सांभाळला. हंगेरियनाने ‘नारांच’ म्हणून तो जपला, तोही परोपकारीच म्हणायचा. पोर्तुगीजाने न ठेवून घेतला आणि त्या जागी ल भरला. त्याचे फळ ‘लारांजा’ झाले. कातालान भाषकाने त्याच जागी त बसविला आणि ‘तारोंजा’ म्हणू लागला, तो कशासाठी हे त्याचे त्यालाच ठाऊक. सर्वांत सफाईचे काम मात्र इटालियनाने केले. त्याच्या भाषेत नामाच्या आधी ‘उना’ म्हणजे ‘एक’ असा एक शब्द बोटाला धरून चालत असतो. ‘उना नारांचा’ म्हणता म्हणता, हा न कोणाचा, उनाचा की नारांचाचा, असा संशय त्याने मुद्दाम निर्माण केला, आणि संशयाचा फायदा उनाला देऊन नारांचाला ‘आरांचा’ करून सोडले. फ्रेंचांच्या हाती ते येईपर्यंत न केव्हाच गहाळ झालेला होता. त्यांनी पुढे ‘ओर’ म्हणजे सोने या आपल्या शब्दाची झळाळी त्यावर चढविली आणि ‘ओरांज’ घडविले. इंग्रजाकडे माल असा बिन-नकाराचाच आला, तेव्हा या गुन्ह्यात त्यास प्रत्यक्ष गोवता येत नाही. परंतु त्याच्या पूर्ववर्तनाबद्दल मात्र खुलासा मागता येईल, कारण ‘नॅप्रन’चा ‘एप्रन’ आणि ‘नॅडर’ या सापाचा ‘अॅडर’ त्याने स्वतःच्या घरात अगदी याच युक्तीने केलेला आहे. मराठीत नामाआधी असले दलाल ठेवण्याची चाल नाही, म्हणूनच आमच्या ‘नारिंगी’चा न आजतागायत सुखरूप आहे, हे व्याकरण रुक्ष म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

याच नावाच्या रंगाविषयीही एक उपकथा आहे. इंग्रजीत ऑरेंज हे रंगाचे नाव सोळाव्या शतकापूर्वी रुळलेले नव्हते. जुना इंग्रज त्या रंगाला ‘पिवळा-तांबडा’ अशा अर्थाच्या जोडशब्दाने हाक मारी, आणि त्याचे सूर्यास्त त्यामुळे बिघडल्याचे ऐकिवात नाही. दुसरीकडे फ्रान्समध्ये ऑरेंज नावाचे एक गाव आहे, ज्याचे रोमन काळचे नाव ‘अराउसिओ’; त्याचा नारिंगाशी कवडीचाही संबंध नाही. १५४४ साली त्या गावाची सरदारकी वारसाने एका मुलाकडे गेली, तो पुढे डचांचा स्वातंत्र्यवीर विल्यम म्हणून प्रसिद्धीस आला, आणि नामसाधर्म्यामुळे नारिंगी हा त्या घराण्याचा व पुढे साऱ्या डच राष्ट्राचा रंग होऊन बसला. आज त्या राष्ट्राचा फुटबॉलचा चमू नखशिखांत नारिंगी होऊन मैदानात उतरतो. परंतु मध्यंतरात खेळाडूंना जे फळ देण्यात येते त्याला ते नारिंग म्हणत नाहीत, चिनी सफरचंदच म्हणतात.

संत्र्याच्या नावावर पोर्तुगालातील सिंत्रा गावचाही दावा अधूनमधून लावला जातो. पण बाबराने हिंदुस्थानातील फळांचे वर्णन करताना ‘संगतरा’ नोंदवून ठेवले असल्यामुळे तो दावा मुदतबाह्य समजून आम्ही पुढे जातो.

पुढे जाण्याचे कारण असे की, या सर्व फेरफारांत खरी मौज दोनच कागद शेजारीशेजारी ठेवल्यावर दिसते. मोझांबिक १९७५ मध्ये स्वतंत्र झाले, तथापि त्याची राजभाषा पोर्तुगीजच राहिली. सबब मापुतोच्या बाजारातील बाई आपल्या टोपलीतल्या फळाला ‘लारांजा’ म्हणते, म्हणजे न च्या जागी ल बसलेले का होईना पण आपले नारंगच म्हणते. आणि अंबडच्या बाजारातील बाई आपल्या टोपलीतल्या फळाला ‘मोसंबी’ म्हणते, म्हणजे मापुतोवाल्या बाईच्या देशाचे नाव घेते. लग्नाच्या मांडवाबाहेर दोन पाहुण्यांच्या वहाणांची अदलाबदल व्हावी, दोघांनाही त्या पायाला बऱ्या बसाव्यात, आणि पाचशे वर्षे कोणी मांडवात परत फिरकू नये, असा हा व्यवहार झाला. मूळ संशयित पोर्तुगीज; दोन्ही जोड त्यानेच नेऊन पोचविले.

बागेत जाऊन पाहिले तर हा सरमिसळीचा कारभार फळापाशीच थांबत नाही, असे आढळून येते. कलमाचा खुंट असतो तो रंगपूर लिंबाचा, आणि हे रंगपूर बांगलादेशात आहे. त्यावर डोळा भरतात तो न्यूसेलर जातीचा, आणि हा शब्द लॅटिन मातुलगृहाचा. झाडाला पाण्याचा ताण देऊन जो बहार धरतात तो बहार फारसी; त्याचे प्रकार मात्र आंबे, मृग आणि हस्त, म्हणजे एक घरचा वृक्ष आणि दोन आकाशातील नक्षत्रे. बंगालच्या मुळावर लॅटिन डोळा, त्याला इराणी वसंत, त्यावर पंचांगाची देखरेख, आणि त्यातून निपजलेल्या फळाला आफ्रिकेचे नाव. या संबंध बागेत नावावरून तरी अस्सल देशी वाटावेत असे दोनच रहिवासी आम्हांला आढळले: एक डिंक्या आणि दुसरा मंगू, आणि ते दोन्ही रोग आहेत.

बागायतदारापाशी हा विषय काढला असता तो शांतपणे ऐकून घेतो. “नाव कुठलं का असंना, गुरुजी,” असे त्यांपैकी एक वयोवृद्ध गृहस्थ म्हणाले, “पाणी तर आम्हीच घातलं.” या युक्तिवादाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. २०१२ च्या दुष्काळात या भागातील बागा विकतच्या टँकरवर जगविल्या गेल्या, आणि ज्यांना टँकर परवडला नाही त्यांनी हाताने वाढविलेल्या झाडांना कुऱ्हाड लावली. त्या उन्हाळ्यात ना मोझांबिककडून घागरभर पाणी आले ना चीनकडून, आणि शब्दांचे मूळ शोधणारे आमच्यासारखे लोकही त्या वेळी बांधावर फारसे दिसले नव्हते. कज्जा कब्जेवहिवाटीवर चालवावा असे म्हटले तर निकाल उघड आहे.

राहता राहिले ‘जालना’ हे नाव, ज्याच्यामुळे मानांकनाला वजन आले. तेही सरळ नाही. जुन्या गॅझेटिअरांत अशी आख्यायिका दिली आहे की, या गावाचे नाव पूर्वी जनकपूर होते आणि एका धनाढ्य मुसलमान व्यापाऱ्याच्या इच्छेवरून ते बदलले गेले. तो धंद्याने जुलाहा, म्हणजे विणकर, होता म्हणून जालना. जनकाची नगरी जाऊन जुलाह्याची आली, म्हणजे येथेही रामायण थोडक्यात हुकले. आख्यायिकेवर किती विसंबावे हे ज्याचे त्याने ठरवावे. आमचा अनुभव असा की, गावाच्या नावाची जी व्युत्पत्ती ऐकताना ग्रामस्थांची छाती फुगत नाही ती खरी असण्याचा संभव थोडा अधिक असतो.

बाजार समितीच्या आवारात मात्र असल्या विचारांना थारा नाही. सकाळी तेथे मोसंबीचे ढीग लागतात आणि त्यांचा लिलाव होतो. लिलाव हा शब्द पोर्तुगीजांचाच, आणि त्याला मराठवाड्यातील जुनी माणसे ‘हर्रास’ म्हणतात तर तो अरबांचा. पोर्तुगीजांनी नाव दिलेले फळ पोर्तुगीज शब्दानेच विकले जात आहे, हे योगायोगाचे शिखर एका आडत्याच्या नजरेस आणून द्यावे म्हणून आम्ही त्यास बाजूला घेतले, आणि नारंगापासून लारांजापर्यंतचा सर्व वृत्तांत त्यास थोडक्यात, म्हणजे आमच्या मते थोडक्यात, निवेदन केला. त्याने तो हिशेबाच्या वहीवरून नजर न काढता ऐकला. मग म्हणाला, “गुरुजी, पट्टीवर आम्ही मोसंबी लिहीतच नाही. नुस्तं ‘माल’ लिहितो.” माल हा शब्दही अरबी आहे हे त्यास सांगावे की सांगू नये, याचा निर्णय आम्ही करीत होतो, तोच पलीकडच्या ढिगावर बोली सुरू झाली आणि तो वही काखेत मारून तिकडे धावला.